हैबतराव उठेपर्यंत

६ नोव्हेंबर, गुरुवार

स्वामींच्या फोटोला हार घातला आणि ही वही उघडली. 'उत्तरवेस' कादंबरीवर मालिका होणार आहे आणि तिचे संवाद मी लिहायचे आहेत. सकाळपासून हे वाक्य स्वतःशीच म्हणून बघतोय. अजून दुसऱ्या कुणाबद्दल ऐकल्यासारखं वाटतं.

फोन राजस नावाच्या मुलाचा होता. मुलगा म्हणजे असेल तिशीचा. पुण्याचा आहे, मालिकेची पटकथा तो बघतो. गेल्या वर्षी नाट्यस्पर्धेत माझं नाटक त्याने पाहिलं होतं. म्हणाला, "सर, आम्हाला भीमाकाठची भाषा पाहिजे. आमचे मावळे बोलायला लागले की बँकेत कामाला असल्यासारखे वाटतात." मी म्हटलं, मी सर नाही, शाळेच्या ऑफिसात लेखनिक आहे. "चालेल सर," म्हणाला.

'उत्तरवेस' मी आधी ऐकली, मग पुष्कळ वर्षांनी वाचली. मंगळवेढ्याच्या पुढं आमचं गाव. शाळेत पुस्तकांचं एकच कपाट होतं आणि शनिवारी शेवटच्या तासाला गुरुजी त्यातलं हे पुस्तक वाचायचे. भीमेकाठचा लहानसा कोट, त्याचा किल्लेदार हैबतराव, त्याची बायको चंद्राऊ. कोटाला वेढा पडतो. उत्तरेच्या वेशीत हैबतराव घायाळ होऊन कोसळतो, शुद्धीवर येत नाही. चंद्राऊ त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसते ती उठतच नाही. तिसऱ्या पहाटे तो तिच्या मांडीवर प्राण सोडतो. गुरुजींनी पुस्तक मिटलं, घंटा झाली, तरी वर्गातलं कुणी हललं नाही. त्या संध्याकाळी गावाबाहेरची वेस मला फार उंच दिसली होती.

रेश्मा म्हणाली, "अहो, पण नोकरी?" संध्याकाळी आणि रविवारी लिहीन म्हटलं. आईला सांगितलं तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "हैबतरावाची पोथी व्हय? मग आंगूळ करून लिवत जा."

१६ नोव्हेंबर, रविवार

शहराबाहेर चिंचोळी एमआयडीसीत एका रिकाम्या शेडमध्ये कोट उभा केला आहे. बाहेर ट्रक मागे घेताना टूं टूं वाजतात, शेजारच्या कारखान्याची पाळी सुटते, डबे घेतलेली माणसं फाटकाशी थांबून आत बघतात. आणि आत भीमेकाठ.

सगळं प्लायवूड आणि प्लॅस्टरचं आहे हे मला माहीत होतं. बुरुजाला हात लावला तर पोकळ वाजला. पण पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे खाली उतरत होते, कुणीतरी धूर सोडला होता, तो हळूहळू वेशीतून वाहत होता, आणि वेस बरोबर तेवढी उंच होती जेवढी मला शाळेतून घरी जाताना दिसली होती. माझ्या पायातून चप्पल कधी निघाली ते कळलं नाही. लाइटवाला हसला. राजस म्हणाला, "सर, चप्पल घाला, खाली खिळे आहेत."

ऋतुराज हैबतराव करतो. अंगापिंडाने भक्कम, बोलायला लाघवी. श्रावणी चंद्राऊ करते. तिच्या दासीच्या कामाला अक्कलकोटच्या ईरम्मा नावाच्या बाई आहेत, साठीच्या, नाटकात काम केलेल्या. भेटल्या भेटल्या मला विचारलं, "ऊट आयता? जेवलास का न्हाई?" आणि उत्तराची वाट न बघता हातावर शेंगाचटणी-भाकरी ठेवली.

जेवताना राजसने मला मालिकेचं तंत्र सांगितलं. "सर, भाग संपवायचा नसतो, अडकवायचा असतो. त्याला हुक म्हणतात. कुणीतरी पडला पाहिजे, कुणीतरी बेशुद्ध, कुणाच्या तरी मानेवर तलवार. आणि तिथं आपण चित्र गोठवायचं आणि घरी जायचं."

मी मान डोलवली. भाकरी संपवून वेस पुन्हा एकदा बघून आलो.

१ डिसेंबर, सोमवार

पहिला भाग आला. आईने संध्याकाळी दुसऱ्यांदा आंघोळ केली, टीव्हीला हळदकुंकू लावलं (रेश्माने ओरडून काचेला लावू दिलं नाही, कडेच्या पट्टीला लावलं), उदबत्ती लावली आणि पाट घेऊन समोर बसली. हात जोडलेलेच. जाहिरात लागली की कपाळाला आठी. "हे मधीमधी साबण घिऊन कोण येतंय?"

शेवटी माझं नाव आलं. रेश्माने टाळी वाजवली. नाव एवढ्या वेगाने गेलं की माझं मलाच वाचता आलं नाही. आई म्हणाली, "चंद्राऊ लई ग्वाड हाय," आणि जेवायला उठली.

१३ डिसेंबर, शनिवार

आज जे झालं ते माझ्या हातून झालं, म्हणून नीट लिहून ठेवतो.

आजच्या भागात हैबतरावाला पहिला बाण लागतो. जीवघेणा नव्हे, कादंबरीतही ही जखम बरी होते. पण राजसच्या सांगण्यावरून मी तो भाग बाणापाशी अडकवला होता. हैबतराव घोड्यावरून पडला, डोळे मिटले, चंद्राऊने किंकाळी फोडली, चित्र गोठलं. खाली अक्षरं आली: सोमवारी रात्री आठ वाजता.

आई उठली नाही.

रेश्मा म्हणाली, "आत्या, ताट वाढलंय."

"त्यो उठू दे की."

"अहो तो सोमवारी उठणार. मधी रविवार आहे."

"मग सोमवारी जेवीन."

आमच्या गावाची रीत इथं लिहिली पाहिजे. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागायची. वाचायला माझे वडील, रावजी. आई बायकांत पुढं बसायची, समईत तेल घालायचं काम तिचं. पोथीत कुणी वीर मूर्च्छित पडला की तिथं पोथी बांधायची नाही. पडलेल्याला तसाच टाकून कुणी उठायचं नाही, पाणी सोडून काही तोंडात घालायचं नाही. वडिलांचा घसा बसला तरी ते वाचत राहायचे. एकदा तर गाई दाराशी हंबरत होत्या, धारा राहिल्या होत्या, पण देवळातून माणूस हललं नाही. तो उठून बसला, धनुष्य हातात घेतलं, की सगळ्यांच्या तोंडून एकच श्वास सुटायचा आणि मग पोथी रुमालात बांधली जायची.

हे मला माहीत होतं. लिहिताना आठवलं नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

कालचा दिवस आई पाटावर बसून होती. टीव्ही बंद, समोर काळी काच. मी म्हटलं, अगं ती मालिका आहे, मीच लिहिलीय, तो बरा होतो. तिने माझ्याकडं असं बघितलं की जणू मी बाहेरचा कुणी होतो. "तुला ठाव हाय. त्याला ठाव हाय का?"

आईला साखरेचा आजार आहे. आज दुपारी तिचे हात कापायला लागले, घाम सुटला. रेश्माने बळंच साखरपाणी पाजलं, "पाणीच आहे आत्या, पाणी चालतं," म्हणत. रात्री आठ वाजता हैबतरावाने डोळे उघडले. मी त्याच्या तोंडी एकच शब्द लिहिला होता, "पाणी." आईने जोडलेले हात सोडले आणि भाकरी मागितली.

डॉक्टर म्हणाले, पुन्हा असा उपास झाला तर घात होईल. मी खाली मान घालून ऐकून घेतलं.

२३ डिसेंबर, मंगळवार

मी एक युक्ती काढली आहे आणि ती राजसला सांगितलेली नाही. माझ्या भागांत कुणी पडलं तर ते त्याच भागात उठतं. चक्कर आली तर लगेच कांदा हुंगवतात. बुरुजावरून घसरलेला पहारेकरी दोन वाक्यांत उभा राहून धूळ झटकतो. हुक मी दुसरीकडं अडकवतो, दारावर थाप, अनोळखी घोडेस्वार, विझलेला दिवा. दिव्याचं आईला काही वाटत नाही. दिवे विझतात, लावता येतात.

आज राजस म्हणाला, "सर, एक विचारू? तुमची माणसं फार लवकर शुद्धीवर येतात हो. काय खातात?"

"मंगळवेढ्याची ज्वारी," मी म्हटलं. तो हसला. सुटलो.

लिहायला बसलो की हल्ली असं होतं की कोट माझ्याभोवती उभा राहतो. वेढ्याच्या पलीकडच्या छावणीतल्या शेकोट्या दिसतात. ऑफिसात दाखले लिहिताना एका मुलाच्या नावापुढं 'हैबतराव' लिहून ठेवलं होतं, मुख्याध्यापक बाईंनी दाखवलं म्हणून खाडाखोड केली. हे बरं की वाईट कळत नाही, पण गोड आहे.

१ जानेवारी, गुरुवार

वर्षाचा पहिला दिवस आणि गुरुवार, म्हणून पहाटेच्या एसटीने अक्कलकोटला गेलो. वडाखाली बसलो असताना राजसचा फोन आला. ऋतुराजला सिनेमा मिळाला आहे. त्यामुळं हैबतरावाचा मृत्यू आता लगेच आणायचा. दहा तारखेच्या शनिवारी तो उत्तरेच्या वेशीत पडणार, पुढचा अख्खा आठवडा बेशुद्ध, आणि सतराच्या शनिवारी जाणार. जाहिरातही तयार आहे: 'हैबतराव उठेल का?'

मी म्हटलं, पुस्तकात तीनच दिवस आहेत.

"पुस्तकात जाहिराती नसतात, सर."

मग मी त्याला आईचं सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "सर, मला वाईट वाटतं. पण हे मी वर काय सांगू? की एक आजी जेवणार नाहीत?"

गाभाऱ्यासमोर उभा राहिलो तेव्हा काय मागावं ते सुचेना. हैबतरावाला लवकर मरण दे, असं मागायचं? लहानपणी याच माणसासाठी मी रडलो होतो. कन्नड बोलणारा एक म्हातारा शेजारी डोळे मिटून उभा होता, ओठ हलत होते. त्याला काय पाहिजे ते त्याला नक्की माहीत होतं. मी नुसता उभा राहिलो आणि अंगारा घेऊन परतलो.

४ जानेवारी, रविवार

रेश्माने सुचवलं, आत्यांना सेटवर घेऊन जा, तो नट धडधाकट आहे हे डोळ्यांनी बघू द्या. मलाही पटलं. घेऊन गेलो.

ऋतुराज फार चांगला वागला. पायाला हात लावला, शेजारी खुर्ची दिली. गावाहून हुरडा आला होता, तो आईने पदरातून सोडला. त्याने चिलखतावर सांडत सांडत मूठभर खाल्ला.

"बाळा, लगीन झालंय का?"

"नाही आजी."

"मग घोड्यावर जपून बसत जा."

सगळे हसले. ईरम्मा आणि आई कोपऱ्यात बसून बराच वेळ बोलल्या, एक अर्धी कन्नडात आणि एक अर्धी आमच्या गावच्या बोलीत, पण एकमेकींना सगळं कळत होतं. परतताना मी म्हटलं, "बघितलंस ना? तो घरी जातो, डबा खातो. मालिकेत पडला तरी त्याला काही होत नाही."

"मला काय खुळी समजतोस व्हय रं? त्यो नाटकातला प्वार हाय, मला ठाव हाय की. लई गुणाचा हाय. पन पडलेला त्यो न्हवं. पडलेला हैबतराव."



रिक्षा दवाखान्याच्या रस्त्याने निघाली तेव्हा आईने पदर तोंडावर घेतला. धूळ होती. याच दवाखान्यात वडील गेले. मेंदूत रक्तस्राव झाला होता, शुद्ध नव्हती. आई पलंगाशी बसलेली, हलायची नाही. शेवटच्या सकाळी माझी मावशी तिला चहाला म्हणून खाली घेऊन गेली आणि ती वर येईपर्यंत नर्सने चादर ओढलेली होती. आई रडली नाही त्या दिवशी. ती मुळातच घट्ट मनाची.

१० जानेवारी, शनिवार

हैबतराव पडला.

मी माझ्याकडून एक केलं होतं. वेशीत तो कोसळल्यावर चंद्राऊ त्याचं डोकं मांडीवर घेते, आणि दासी झालेल्या ईरम्मा तिला घास भरवतात असा प्रसंग घातला होता. "खा बाई. बसणाऱ्यानं खायाचं असतं. त्याचा भार कोन धरंल न्हायतर?" कादंबरीत हे नाही. पण कादंबरीला यात काही धक्काही लागत नव्हता. चंद्राऊने रडत रडत घास घेतला आणि मी चोरून आईकडं बघितलं.

रेश्माने लगेच ताट आणलं. "बघा आत्या, तिने पण खाल्लं."

"तिनं खावं. ती लेकरू हाय." ताट सरकवलं. "आन् ती त्याच्यापशी बसून खातीया. उठली न्हाई."

पुष्कळ वादावादी झाली. शेवटी पेलाभर दूध घेईन, एवढ्यावर तडजोड झाली. रेश्मा स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "तुमच्या लेखणीपायी माझी सासू जाईल, सांगून ठेवते." ती कधी असं बोलत नाही.

१२ जानेवारी, सोमवार

आई पाटावरच भिंतीला टेकून असते. दूध, आणि आज निम्मं केळ. आवाज बारीक झाला आहे. डॉक्टर घरी येऊन गेले. शनिवारपर्यंत असं चालणार नाही म्हणाले.

ऑफिसात रजा टाकली आणि राजसला फोन केला. म्हटलं, शनिवार नको. हैबतरावाला लवकर जाऊ दे. हवं तर पुढचे भाग मी फुकट लिहितो.

तो म्हणाला, "सर, एकच वाट आहे. श्रावणी आज संध्याकाळपर्यंत आहे, मग चार दिवस नाही, बहिणीचं लग्न आहे. ती आल्यावर मांडीवरचा मृत्यू, पुस्तकातल्यासारखा, तो शनिवारीच. त्याआधी मारायचा असेल तर चंद्राऊशिवाय मारावा लागेल. ती तिथं नाही आणि तो जातो. ती परत येते त्याचे एकदोन तुकडे आज संध्याकाळी घेऊन ठेवू. बाकी ईरम्मावर निभावू. गुरुवारी दाखवता येईल. वरच्यांना मी सांभाळतो. पण सर, ती मांडी म्हणजेच 'उत्तरवेस' आहे. लोक सोडणार नाहीत तुम्हाला. तासाभरात सांगा."

फोन ठेवला. बाहेरच्या खोलीत आई, आतल्या खोलीत माझी जुनी प्रत. शेवटचं प्रकरण काढून वाचलं. 'चंद्राऊने पापणी हलवली नाही.' लेखकाने आयुष्यभर जे लिहायला घेतलं होतं ते या एका ओळीत आहे असं मला नेहमी वाटत आलं. ती ओळ मी पुसायची.

वाचता वाचता पुस्तक छातीवर ठेवून डोळा लागला असावा. दुपारचं ऊन खिडकीतून पायावर पडलं होतं एवढं कळत होतं. मी चिंचोळीच्या शेडमध्ये होतो. धूर होता. उत्तरेच्या वेशीत एसटी उभी होती, मंगळवेढ्याची, आणि दाराशी माझे वडील, खांद्यावर पंचा, पायात नव्या वहाणा. आईने त्यांच्या पंच्याचं टोक मुठीत धरलं होतं. वडील वैतागलेले नव्हते. कंडक्टरकडं बघून हसत होते, थांब बाबा जरा, अशा अर्थानं. गाडी नुसती गुरगुरत होती. मग आई म्हणाली, "तहान लागली असंल तुमाला," आणि तांब्या घेऊन आडाकडं गेली. ती वळल्याबरोबर वडिलांनी दांड्याला हात घातला आणि चढले. माझ्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं. गाडी वेशीतून धुरात गेली, आवाज न करता.

जागा झालो. स्वप्नाचा अर्थ काही लागला नाही, पण प्रसंग सापडला होता. चंद्राऊ पाण्याला जाते आणि हैबतराव जातो. पुस्तक उशाला ठेवलं, स्वामींना नमस्कार केला आणि एका बैठकीत लिहून राजसला पाठवलं. खाली एक ओळ लिहिली: लेखकांची क्षमा मागून.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. शहरात गड्ड्याची जत्रा, नंदीध्वजांच्या उंच काठ्यांची मिरवणूक, सगळी वाट माणसांनी भरलेली. मी वाकडी वाट करून चिंचोळीला पोचलो. ईरम्मांचं बोलणं आज होतं. श्रावणीचे तुकडे परवाच घेऊन झाले होते. ईरम्मांसमोर आता रिकामी घागर आणि एक उभी काठी, काठीला लाल चिंधी, म्हणजे चंद्राऊचे डोळे कुठं आहेत ते कळावं.

ईरम्मा त्या काठीशी बोलल्या. पहिल्या खेपेलाच झालं. राजसने 'कट' म्हणायला उशीर केला. ईरम्मा नाक पुसत माझ्याजवळ आल्या, तिळगूळ दिला आणि म्हणाल्या, "आई कशी हाय तुझी?" मी म्हटलं, दूध घेते. "उद्या बघंल ना?" बघेल म्हटलं. "आयतु," म्हणाल्या, म्हणजे बरं झालं.

१५ जानेवारी, गुरुवार

भाग लागला तेव्हा मी दाराशी उभा होतो. बसवेना.

हैबतराव निपचित. बुरुजांवर पहाटेचा उजेड. चंद्राऊ त्याच्या कोरड्या ओठांवरून बोट फिरवते, घागर घेते आणि आडाकडं जाते. कॅमेरा तिच्याबरोबर जात नाही, वेशीतच राहतो. हैबतरावाचा श्वास एकदा वर येतो, आणि मग धूर तेवढा हलत राहतो. चंद्राऊ परत येते. घागर फुटते. "मी उठले म्हणून ते गेलं! क्षणभर उठले न् गेलं!" ती कपाळ बडवून घेते.

मग ईरम्मा तिचे दोन्ही हात धरतात. "तू उठलीस म्हनून गेला न्हवं, बाई. तू उठावं म्हनून थांबला हुता. तू म्होरं बसलेली, तुझी नजर त्याच्यावर. मायेच्या मानसाच्या डोळ्यांम्होरनं कुनाला जाववतंय? तू पान्याला गेलीस, तवा त्याला वाट गावली."

चित्र गोठलं नाही. मी तसं लिहूनच दिलं होतं, की या भागाला हुक नको.

आई बराच वेळ पाटावर बसून राहिली. साबणाची जाहिरात आली, गेली, तिच्या कपाळाला आठी पडली नाही. मग भिंतीला धरून उठली. रेश्मा धरायला धावली तर हात झटकला. मोरीत गेली आणि थंडीत थंड पाण्याने डोक्यावरून आंघोळ केली, कुणी गेल्यावर करतात तशी. ओल्या केसांनी येऊन चुलीपुढं बसावं तशी गॅसपुढं बसली. "वाढ गं रेश्मे."

दीड भाकरी खाल्ली. रेश्मा पाठ फिरवून डोळे पुसत होती. मला म्हणाली, "अहो, मीठ द्या," म्हणजे मी काहीतरी करावं म्हणून.

जेवता जेवता आईने विचारलं, "ती म्हातारी बोलली, ते पुस्तकात हाय का तू ल्हिलंस?"

माझी मान खाली गेली. खोटं बोलावंसं वाटलं, पण ताटावर खोटं बोलवत नाही. "पुस्तकात नाही, आई. पुस्तकात ती उठतच नाही, तो तिच्या मांडीवर जातो. मी बदललं."

ती घास हातात धरून थांबली.

"मग पुस्तक ल्हिनाऱ्याला ठाव नसंल," म्हणाली. "त्यो कवा बसला नसंल."

आणि भाकरीचा तो तुकडा माझ्या ताटात ठेवला. एवढ्या मोठ्या लेखकाचं मी बिघडवलं, तरी माझी चूक तिने अशी पोटात घातली.

१८ जानेवारी, रविवार

राजसने लोकांचे अभिप्राय पाठवले आहेत. एका प्राध्यापकांनी लांबलचक लिहिलंय की 'उत्तरवेस'चा आत्मा मारणाऱ्या संवादलेखकाने पुस्तक एकदा तरी वाचलं असतं तर बरं झालं असतं. मी ते दोनदा वाचलं. त्यांच्या जागी मी असतो तर हेच लिहिलं असतं.

वरची मंडळी मात्र खूश आहेत. राजस म्हणतो, ऋतुराजचा सिनेमा लांबला, हैबतरावासारखाच दिसणारा एक घोडेस्वार आणूया का? मी नाही म्हटलं. "का सर?" तो म्हणाला.  म्हटलं, आता त्याला त्रास नको.

१९ जानेवारी, सोमवार

आठ वाजले. मी टीव्ही लावला, पाट मांडला. आई चपला शोधत होती.

"अगं लागलं की."

"तुमी बघा. मी सुंदरम्माकडं चालले." सुंदरम्मा शेजारी राहतात, पद्मशाली विणकरांच्या घरातल्या आहेत, बरेच दिवस आईला हाका मारत होत्या. "तिच्या सुनेला दिस गेल्यात. इतकं दिस झालं, माजं जाणंच झालं न्हाई बघ."

"आणि चंद्राऊचं?"

"तिला काय धाड भरलीया? हाय की ती." मग दारातून वळून म्हणाली, "भाकरी झाकून ठिवा. मी येऊन जेवीन, न्हायतर तितंच चार घास खाईन. माझ्यासाठी थांबू नगा."

रेश्मा आणि मी दोघंच बघत बसलो. भाग संपताना पडद्यावर चंद्राऊ एकटीच बुरुजावर उभी होती आणि खालच्या बाजूला माझं नाव चाललं होतं. भिंतीपलीकडून आईचा आवाज येत होता, सुंदरम्मांना मोठ्याने काहीतरी सांगत होती. शब्द कळत नव्हते, पण मधूनच माझ्या वडिलांचं कुठलंतरी बोलणं ती त्यांच्या आवाजात करून दाखवत असावी, कारण दोघी पुन्हा पुन्हा हसत होत्या.